भरलेल्या तलावाची बातमी

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाचं ‘आपला जिल्हा’ बघायला ज्योत्सनाच्या घरी नऊ माणसं जमली होती. खुर्च्या तीनच, म्हणून मच्छी सोसायटीचा अध्यक्ष असलेला तिचा बाप, गोपीचंद, जाळ्याच्या ढिगावर बसला होता. आई शकुनबाईने सगळ्यांपुढे मुरमुरे ठेवले. बातमी बोरटोल्याच्या तलावाची होती आणि केली होती त्यांच्याच पोरीने.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ज्योत्सना दीड वर्षापासून सरकारी प्रादेशिक वाहिनीला पवनी तालुक्यातल्या बातम्या पाठवत होती, कंत्राटावर. मैत्रिणी म्हणायच्या, सरकारी चॅनल आता कोण बघतं? ज्योत्सनाने ते मोजून ठेवलं होतं. तालुक्यातल्या कोंढा गावाच्या आजूबाजूच्या सहा गावांत ती घरोघर फिरली होती. दहापैकी सात घरांवर टीव्हीची फुकटची छत्री होती, आणि त्यातल्या निम्म्या घरांत साडेसहाला हीच वाहिनी लागायची. धान खरेदी केंद्र कधी उघडणार, पाऊस येणार का, जनावरांना लस कुठे मिळणार, हे दुसरं कोणी सांगत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तिने एका शाळेची उघडी विहीर दाखवली आणि आठ दिवसांत तिच्यावर जाळी बसली. लोक म्हणायचे, सरकारी टीव्हीत आलं म्हणजे खरं आहे. तिलाही तसंच वाटायचं.

या वेळी त्या विश्वासाची गरज तिच्या स्वतःच्या गावाला होती.

बोरटोल्याच्या तलावाला जुनं दगडी तुडूम आहे. मातीच्या बांधाला, म्हणजे पाळीला, लागून पायऱ्यांसारखं पाण्यात उतरलेलं बांधकाम, त्यात एकाखाली एक पाच भोकं आणि प्रत्येक भोकात चिंध्या गुंडाळून ठोकलेला लाकडी गुट्टा. पाणी उतरत जाईल तसा खालचा गुट्टा काढायचा, की ते नहरात पडून तीन किलोमीटरवरच्या चिखलटोल्याच्या धानाला जातं. वरचे चार गुट्टे शेतीचे. चौथ्या भोकाखाली उरलेलं पाणी मासोळीचं. त्याच पाण्यात मरळ आणि बाकीचे देशी मासे उन्हाळा काढतात आणि पावसाळ्यात अंडी देतात. पाचवा गुट्टा काढायचाच असेल, तर दोन्ही गावांची माणसं पाळीवर उभी राहून हो म्हणाली पाहिजेत. हे कागदावर कुठे नव्हतं, पण गोपीचंदच्या आठवणीत तो गुट्टा एकदाही निघाला नव्हता.

यंदा पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही आणि वरचे चारही गुट्टे काढून झाले होते. चिखलटोल्याचं उशिरा पिकणारं जड धान ऐन निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, त्याला एक पाणी हवं होतं आणि त्यांची नजर पाचव्या गुट्ट्यावर गेली होती. मग ज्योत्सनाने एका बांबूवर पाच-पाच सेंटिमीटरवर लाल पट्टे ओढले आणि वीस दिवस रोज सकाळी तलावात अकरा ठिकाणी तो उभा करून पाणी मोजलं. उरलेलं पाणी होतं साधारण एक कोटी लिटर. सुकून भेगाळलेल्या नहरातून त्यातला फार तर तिसरा हिस्सा पोचणार, म्हणजे पंधरा-सोळा एकरांचं एक ओलित. चिखलटोल्याचं धान सव्वाशे एकर. तलाव रिकामा होईल आणि धानही वाचणार नाही, एवढंच तिला लोकांना दाखवायचं होतं. चार मिनिटांची बातमी तिने वाहिनीच्या केंद्रावर पाठवली होती.

ती एक मिनिट दहा सेकंदांची होऊन आली.

आवाज ज्योत्सनाचा होता, पण बांबू नव्हता, आकडे नव्हते, तळाला गेलेलं पाणी नव्हतं. पडद्यावर तलाव काठोकाठ भरलेला होता. त्यावर बदकं पोहत होती, एक डोंगा सरकत होता. खालच्या पट्टीत लिहिलं होतं: तलाव भरलेला, शेत कोरडं?

शकुनबाई टीव्हीजवळ सरकली.

“आपलाच तलाव हाय ना व हा?” शकुनबाईने विचारलं.

“आपलाच हाय,” गोपीचंद म्हणाला. “पन आजचा नाई.”

ज्योत्सनाने ते दृश्य ओळखलं होतं. पाच ऑगस्टला तलाव भरून सांडव्यावरून वाहिला, तेव्हा तिनेच ते काढून पाठवलं होतं. फाइलला तलावाचं नाव, तारीख, वेळ, सगळं नीट दिलं होतं. फाइलला नाव देण्यात ती कधी चुकत नसे.

तिने अंगणात जाऊन केंद्रावरच्या भूपेशला फोन लावला. जिल्ह्याच्या बातम्यांचं संपादन तोच करायचा.

“भूपेशसर, ते ऑगस्टचं दृश्य होतं.”

“हो, मस्त होतं ते. तुझं परवाचं बघितलं का तू? नुसता चिखल. स्क्रीनवर काही दिसतच नाही.”

“चिखलच दाखवायचा होता, सर.”

“अगं, मिनिटभर चिखल कोण बघेल? आणि तलाव तोच आहे ना? मी काय दुसऱ्या जिल्ह्यातला लावला का?”

“तलाव तोच आहे. महिना वेगळा आहे. आणि आकडे का काढले?”

“आकडे ऐकताना लोक उठून चहा ठेवायला जातात.”

“लोक आकड्यांसाठीच हा कार्यक्रम लावतात, सर. धानाचा भाव काय कविता आहे का?”

भूपेश हसला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे सहा जिल्हे होते आणि संपादनाच्या खोलीत तो एकटा होता. “हे बघ, खुलासा पाहिजे तर लेखी अर्ज दे. विभागप्रमुख सोमवारी येतील. तोवर उद्याच्या बुलेटिनमध्ये मी करतो काहीतरी.”

“काय करता?”

“करतो म्हटलं ना.”

शुक्रवारी सकाळी आठलाच पाळीवर दोन ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांतून तीसेक माणसं उतरली. पुढे मधुकरराव होते. चिखलटोल्यातलं मोठं घर, खांद्यावर पंचा, पाय चिखलाने माखलेले. ते पाळीवर चढले, त्यांनी तलावाकडे पाहिलं. समोर मधोमध दोनेक हेक्टरचं उथळ, मळकट पाणी होतं आणि भोवती सगळा गाळ.

“गोपीचंदभाऊ,” ते म्हणाले, “काल संध्याकाळी तलाव भरून होता. एका रातीत पानी कुठं नेलं गा?”

“कुठंच नाई नेलं. ते टीव्हीतलं जुनं होतं.”

“सरकारी टीव्ही जुनं काहून दाखवन? अन् बोलून तर तुहीच पोरगी राहिली होती.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मासोळ्या धराले पानी सोडून देलं असन रातच्यातून.” दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत.

ज्योत्सना पुढे झाली. तिने फोनवर मूळ फाइल काढली आणि तारीख दाखवली. मधुकररावांनी तारखेकडे पाहिलंही नाही.

“तारीख काय, कोनीही लिहते.”

हे उत्तर तिला पटण्यासारखं होतं, म्हणून तिचा आणखी संताप झाला. तिने दृश्य सुरू केलं, थांबवलं आणि दोन बोटांनी डावा कोपरा मोठा केला. टीव्हीवर तो कोपरा कापला गेला होता. पाळीच्या मागच्या बांधीत सात-आठ बाया वाकलेल्या होत्या. त्यांच्या हातात धानाच्या रोपांच्या पेंढ्या होत्या.

“काका, या बाया काय करून राहिल्या?”

मधुकररावांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. “रोवना लावून राहिल्या.”

“आता आश्विन संपत आला. आता कोनाच्या बांधीत रोवना चालू हाय?”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. तारखेने जे जमलं नव्हतं ते त्या वाकलेल्या बायांनी केलं. एक म्हातारा म्हणाला, “हे तर रोवन्याचंच हाय. ते निळ्या लुगड्याची आपली आनंदाबाई दिसते.” मघाशी हसलेला माणूस पाण्याकडे बघत राहिला.

ज्योत्सनाने बांबू आणला. गुडघाभर पाण्यात जाऊन तो उभा केला, पट्टे मोजले, एक कोटी लिटर, नहराची भूक, पंधरा-सोळा एकर, सगळं सांगितलं. कोणी चहा ठेवायला उठून गेलं नाही.

“समजलं मले,” मधुकरराव म्हणाले. “पन माह्या गावात चाळीस घरी तो भरला तलाव दिसला. मी वापस जाऊन सांगू का पानी नाई? लोक म्हनतीन, मधुकर बोरटोल्याच्या मासोळ्या खाऊन आला.”

“तुमी डोळ्यानं पाहलं ना, काका.”

“मी पाहलं. तीस जनांनं पाहलं. तेवढ्यानं होत नाई, पोरी. ज्या टीव्हीनं सांगतलं, त्यानंच सांगू दे का आपलं चुकलं. आज साडेसहाले सांगलं, तर मी गावाले थांबवतो. नाई तर उद्या गुट्टा काढा लागते.” मग गोपीचंदकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, ग्रामपंचायत दोघायची एकच हाय. तुमच्या सोसायटीले तलाव द्याचा ठराव पुढच्या महिन्यात हाय. आमची मतं दुप्पट हायेत. मी नाई म्हनत, पन लोक म्हनतीन.”

गोपीचंदने मान हलवली. हिशेब त्यालाही कळत होता. ठराव झाला नाही, तर तलावच हातातून जाणार होता.

दिवसभरात ज्योत्सनाने केंद्रावर चौदा फोन केले. स्वागतकक्षाने तांत्रिक विभागाला दिलं, तांत्रिक विभागाने वृत्त विभागाला, आणि वृत्त विभागातल्या बाईंनी अर्जाचा नमुना कुठे मिळेल ते सांगितलं. अर्ज तिने दहा मिनिटांत लिहून पाठवला. दोन वाक्यांचा खुलासाही तयार करून दिला, म्हणजे कोणाला काही लिहावं लागू नये. त्याखाली चिखलाचं दृश्य जोडलं. दुपारी तीनला भूपेशचा निरोप आला: काळजी करू नको, आज तुझं लागतंय.

साडेसहाला अंगणात टीव्ही मांडला. मधुकरराव स्वतः मोटारसायकलवर आले होते. शकुनबाईने त्यांना खुर्ची दिली. आधी हवामान झालं, मग एका तालुक्यातलं क्रीडासंमेलन. शेवटी निवेदिका म्हणाली, “आणि आता आठवड्याचा आढावा.”

तलाव आला. काठोकाठ भरलेला. बदकं आली, डोंगा आला. तलाव भरलेला, शेत कोरडं?

मधुकरराव उठले. खुर्ची त्यांनी स्वतःच भिंतीला लावली. “उद्या सकाळी येतो, भाऊ,” ते म्हणाले, आणि ज्योत्सनाकडे न बघता निघून गेले.

तिने भूपेशला फोन लावला, तो त्याने पहिल्या घंटीलाच उचलला.

“पाहिलंस? परत लावली. आढाव्यात यायला लोक माझ्या मागे लागतात, माहीत आहे का तुला? खुलासा मला लावता येत नाही, बातमी लावता येते. मग म्हटलं, तुझी बातमीच पुन्हा लावू.”

ज्योत्सनाला ओरडायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली, “सर, मी जोडलेलं दृश्य तुम्ही उघडून तरी पाहिलं का?” पलीकडे दुसरा फोन वाजत होता आणि भूपेशने तो उचलला होता.

शनिवारी सकाळी दोन्ही गावं पाळीवर उभी राहिली. गोपीचंद हो म्हणाला. मधुकररावही म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी पंचाने तोंड पुसलं. चिखलटोल्याच्या पोरांना गुट्टा काढता येत नव्हता, तो कसा बसवलेला असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. मग गोपीचंदच पाण्यात उतरला. त्याने हाताने गाळ बाजूला केला, गुट्ट्याला दोर बांधला, पहार घातली आणि दोन हिसक्यांत तो मोकळा केला. पाणी नहरात उसळलं. बाया जाळ्या घेऊन तुडुमाच्या तोंडाशी बसल्या आणि जे सापडेल ते टोपल्यात टाकू लागल्या. शकुनबाईने एक हातभर लांब मरळ उचलली, पाहिली आणि परत उरलेल्या डबक्यात सोडली. ते डबकंही दुपारपर्यंत टिकणार नव्हतं.

ज्योत्सना बांबू घेऊन पाण्याच्या तोंडाबरोबर नहराकाठाने चालत गेली. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला पाणी माणसाच्या चालीने आलं, मग म्हाताऱ्याच्या. पुढे ते भेगांत शिरायचं, बुडबुडे काढायचं, थांबायचं, आणि मागून रेटा आला की वीतभर सरकायचं. तिसऱ्या प्रहरी ते चिखलटोल्याच्या पहिल्या बांध्यांत पोचलं. तिने भिजलेल्या बांध्या मोजल्या. अकरा एकर भिजले. तिच्या अंदाजापेक्षाही कमी. नहराची भूक तिने कमी धरली होती.

मधुकररावांची बांधी आणखी खाली होती. ते कोरड्या नहरात उभे राहून वर बघत होते.

“किती बोलली होती तू?” त्यांनी विचारलं.

“पंधरा-सोळा.”

“अन् झालं?”

“अकरा.”

त्यांनी खाली वाकून एक ढेकूळ उचललं, हातात चुरडलं आणि टाकून दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. भूपेश होता. आवाज खुशीत होता. “अगं, ऐकलं मी. पाणी सोडलं म्हणे? बघ, बातमीचा परिणाम. पाणी नहरातून धावतंय, असं काही आहे का तुझ्याकडे? आज लावतो.”

ज्योत्सनाने कोरड्या नहराकडे पाहिलं. पाठवलं नाही, तर तो ऑगस्टचंच काही शोधून लावणार, हे तिला आता कळलं होतं.

“पाठवते,” ती म्हणाली.

तिने पिशवीतून खडू काढला. बांबूवर, लाल पट्ट्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली आणि वेळ लिहिली. मग मधुकररावांच्या हातात बांबू दिला.

“काका, जिथं पानी थांबलं तिथं उभे राहा. बांबू तोंडाच्या बाजूलेच धरा, अगदी चिकटून.”

“काहून?”

“म्हनजे कापाचं म्हनलं तं तुमचं तोंडही कापा लागन.”

मधुकरराव वर गेले, ओल्या आणि कोरड्या मातीच्या रेषेवर उभे राहिले आणि बांबू गालाला लावून धरला. ज्योत्सनाने कॅमेरा सुरू केला.

“आता सांगा,” ती म्हणाली, “किती एकर झालं.”