सातवा कप्पा

सरुबाईच्या शहाणपणाबद्दल कुरवंडे गावात कुणाला शंका नव्हती. बाई तोंडानं फटकळ, पण कामाला खमकी. म्हणूनच लोकांना कोडं पडलं होतं, की जनावरं अर्धपोटी ठेवून हिनं ओढ्याकाठचा कमरेएवढ्या गवताचा सातवा कप्पा बंद का ठेवलाय!

त्याचं असं झालं. तिच्या नवऱ्यानं, हनुमंतानं, आपल्या चार एकरांचे सात कप्पे पाडले होते. मधून सोलरवर चालणाऱ्या झटका मशीनची तार, जनावर शिवलं की चटका बसून मागं सरायचं. एका कप्प्यात आधी गाया चरायच्या, त्यांच्या मागून मेंढरं, आणि चार दिवस झाले की तार सरकवून सगळी पुढच्या कप्प्यात. मागचा विसाव्याला. गाय जिभेनं वरचं ओढते, मेंढी दातानं बुडातलं तोडते, शेण-लेंड्या जमिनीला मिळतात, आणि फेरी पुरी होईपर्यंत पहिल्यात पुन्हा लुसलुशीत गवत. लोणावळ्याच्या पावसात मेंढरं पाळतो म्हणून लोक त्याला हसले. हसेनात का! त्यानं मेंढरांना उभं राहायला फळ्यांचा माच केला, पावसाळाभर रोज एकेकीची खुरं पुसली. नऊच्या नऊ जगवली पठ्ठ्यानं.

गेल्या वर्षी श्रावणात त्याच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा अमृत गाडी घेऊन आला. गाडीत बसता बसता हनुमंतानं बायकोला बजावलं, "ह्या खेपंला सातव्याला पुरा विसावा दे. मी आल्याबिगर तार उघडू नगं."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्याचं मढंच आलं.

तेव्हापासून सरुबाई सहाच कप्प्यांवर फेरी चालवत होती. सातवा सगळ्यांत मोठा, दोन कप्प्यांएवढा. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ह्यांनी न्हाई म्हणून सांगितलंय." तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण ती तार उघडायची म्हणजे तो आता येणार नाही हे आपल्या हातानं कबूल करायचं. ते तिच्यानं होईना.

बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. शेजारच्यांनी जमिनी विकल्या, तिथं बंगले झाले, आणि ते सोमवार ते शुक्रवार कुलपात. शनिवारी नागफणीच्या सुळक्याकडं फिरायला जाणारी पोरं-पोरी तारेशी थांबायची. "आजी, गवतात फोटो काढू?" सरुबाई लगबगीनं पाण्याचा तांब्या आणायची, तांबू गाईची आई कुठून आणली तिथपासून सांगायला लागायची. दोन मिनिटांत पुढच्यांची हाक यायची आणि पोरी पळायच्या. फोनवर कुठल्या कंपनीची बाई बोलली तरी ही तिला विचारायची, "जेवलीस का गं?"

यंदा पाऊस लवकर उघडला. सहाही कप्पे टकले पडले, गायांचं दूध निम्म्यावर आलं. अमृत लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्याची देखभाल करायचा, बंगल्यामागच्या खोलीत राहायचा. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "आई, मंगळवारी व्यापारी येतोय. सगळी जनावरं दे आणि इकडं ये."

"तितं यिऊन मी काय करू?"

"काही करू नकोस. आराम कर."

आराम! जनावरं गेली तर सकाळी उठून हाक कुणाला मारायची?

"मग निदान सातवा तरी उघड," अमृत म्हणाला.

"न्हाई," सरुबाई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी दुपारी भाकरी खाऊन तिचा जरा डोळा लागला. जाग आली तर सहाव्या कप्प्यात एकही जनावर नाही! ढगाळ हवेनं सोलरची बॅटरी उतरलेली, तारेत झटका नाही, आणि सगळा कळप तार पाडून सातव्यात. सरुबाईचं डोकंच फिरलं. काठी घेऊन धावली. "भाड्यांनो, निघा भाईर! धन्यानं राखलेलं हाय त्ये!" कधी बोटानं न दुखवलेल्या तांबूच्या पाठीत तिनं काठी घातली.

तांबू हलली नाही. तिच्या तोंडात घास होता. तिनं तो दोनदा चघळला आणि खाली टाकून दिला.

तेव्हा कुठं सरुबाईनं नीट पाहिलं. कुणीच खात नव्हतं. मेंढरांच्या लोकरीत, डोळ्यांभोवती कुसळं रुतली होती आणि ती बिचारी माना हलवत उभी होती. थोड्या वेळानं गाया आपणहून वळल्या आणि टकल्या सहाव्या कप्प्यात जाऊन जमीन हुंगायला लागल्या.

ती उकिडवी बसली. दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. वर निबर काड्या, खाली गेल्या सालचं कुजून काळं पडलेलं, आणि त्यात गुदमरून पिवळे पडलेले कोंब. विसावा द्यायचा तो पुन्हा चरायसाठी, लय दिवस सोडलं तर गवताला जनावर तोंड लावत न्हाई, हे हनुमंतानंच तिला दहादा सांगितलं होतं. त्याचा एक शब्द पाळायच्या नादात तिनं त्याची सगळी शिकवण मोडली होती.

"अवं, न्हाई यायचं व्हतं तर तसं सांगायचं!" ती ओरडली. "मी हितं वाट बघत बसले खुळ्यावानी!"

ओढ्यापलीकडच्या बंगल्यांच्या खिडक्या बंदच होत्या.

तिनं विळा आणला आणि कापायला बसली. पूर्वी असलं काम सावडीनं व्हायचं, आज तुझ्यात तर उद्या माझ्यात, दहा विळे एका ओळीत. आता एकच विळा. दिवस मावळेपर्यंत कोपऱ्यातला तुकडा मोकळा झाला. कापलेलं गोठ्यात अंथरायच्याच कामाचं. पण ओढ्याची ओल होती, उघड्या बुडख्यांना दिवाळीपर्यंत फुटवा येईल, वर भाताचा नवा पेंढा. चार गाया निभावतील. मेंढरं मात्र नाही. किती वेळा मनाशी हिशेब केला तरी मेंढरं बसेनात.

अंगणात येऊन तिनं फोन लावला. "अमृत, त्या व्यापाऱ्याला सांग, फकस्त मेंढरं ने. गाया मी देणार न्हाई, आन् मी तिकडं येणार न्हाई."

"मेंढरं? आई, बाबांची मेंढरं तू आपणहून विकणार?"

"व्हय. तुजा बाप गेला, अमृत."

तो हळूच म्हणाला, "आई, अगं वर्षश्राद्धसुद्धा झालं की."

"तुमचं झालं, बाळा," सरुबाई म्हणाली. "माजा तर आजच गेला."

आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. अमृतनं फोन ठेवला नाही.