तेरा पंगुनीचं ऊन

तैयल आच्चींनी पिठाची वाटी खाली ठेवली आणि गाभाऱ्याकडे बोट केलं.

"हे काय नाचतंय महादेवाच्या अंगावर?"

पिंडीवर उन्हाचा बशीएवढा तुकडा थरथरत होता. कधी माथ्यावर, कधी शाळुंकेवर, मध्येच मागच्या भिंतीवर. मंडपाच्या दारात पुजारी नटेस गुरुक्कळ उकिडवा बसला होता. हातात आरसा, दाढी करायचा.

"सराव करतोय, आच्ची. परवा तेरा पंगुनी. तुमच्या घराचा दिवस."

"मग?"

"गेल्या साली ऊन पिंडीला लागलं का? डाव्या भिंतीवर गेलं. लोक कुजबुजले." त्याने आवाज उतरवला. "हा खांबाला बांधून टाकतो. कुणाला कळायचं नाही. तुमचाच मान राखतोय."

"महादेवाला आरशानं डोळा मारणार? छोटे सामी, तुमच्या वडलांनी पन्नास वर्षं पूजा केली. त्यांना गंध लावायलासुद्धा आरसा लागला नाही."

"मग यंदा काय करायचं?"

"यंदा दोन बोटं उजवीकडे येईल," आच्ची म्हणाल्या. "पण पिंडीला लागणार नाही."

गुरुक्कळाने आरसा खाली केला. "तुम्हाला काय ठाऊक?"

आच्चींनी वाकून आतल्या उंबऱ्यासमोर कोलमची रांगोळी काढायला घेतली. चिमटीतून पांढरी रेघ सुटली ती कुठे न अडखळता फिरून परत सुरुवातीला येऊन मिळाली.

तमिळ मुलखातल्या त्या कालव्याकाठच्या देवळात पंगुनी महिन्यातल्या उत्सवाचा एकेक दिवस एकेका घराचा असे. त्यातला तेरावा मोठा. त्या सकाळी उगवतीचं ऊन पूर्वेच्या दारातून सरळ आत येऊन पिंडीला टेकायचं, आणि तो मान पूर्व आळीतल्या थोरल्या घराचा, म्हणजे आच्चींचा. देव बसला तेव्हापासून, असं सासू सांगायची. बारावा दिवस पश्चिम आळीतल्या कुंजम्माळच्या घराचा. त्या दिवशी उकडलेले हरभरे वाटत, बाकी काही होत नसे. दोन्ही घरांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. चोपन्न वर्षांत आच्चींनी बाराव्या दिवशी देवळाची पायरी चढली नव्हती. दुसऱ्या घराच्या दिवशी जाऊन हरभऱ्यांसाठी ओंजळ कोण धरतं?

सतरा वर्षांची नवरी होऊन त्या या गावात आल्या तेव्हा त्यांना एक स्तोत्र धड येत नव्हतं. शाळा दुसरीत सुटलेली. पहिल्या तेराव्याला सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि तैयलचे डोळे काही मिटेनात. ऊन उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरलं, तेव्हा त्या पट्ट्याची उजवी कड उंबऱ्याच्या दगडावर कुठे आहे ते तिने पाहून ठेवलं. गर्दी पांगल्यावर कनवटीचा अडकित्ता काढून त्याच्या टोकाने तिथे एक खूण टोचली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी ऊन खुणेवर आलं नाही. दोन बोटं उजवीकडे सरकलं होतं. आपलंच काही चुकलं, म्हणून देव तोंड फिरवतोय, असं वाटून ती आठ दिवस जेवली नाही धड. तिसऱ्या वर्षी आणखी दोन बोटं. चौथ्या वर्षी आणखी दोन. आणि पाचव्या वर्षी ऊन एकदम उडी मारून परत पहिल्या खुणेपाशी आलं. तैयल भर मंडपात हसली. सासूने मांडीला असा चिमटा काढला की वळ उठला.

पण ऊन अगदी त्या खुणेवर नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढं डावीकडे होतं. तो एक दाणा तिला जन्मभर पुरला. दर चार वर्षांनी फेरी पुरी व्हायची आणि दर फेरीला एक दाणा डावीकडे. नवरा गेला त्या वर्षीही तिने टोचलं, थोरल्याचं लग्न झालं त्या वर्षीही. तेरा दाणे झाले. ऊन कुठून येतं, कुठे चाललंय, याचा तिला पत्ता लागला नाही, आणि लागत नव्हता म्हणूनच ती दर पंगुनीला नव्या नवरीसारखी पहाटे उठून बसायची.

आता तेच ऊन तिच्या घरातून निघालं होतं. तेराव्यानंतर रोज ते आणखी डावीकडे जायचं; मग आदल्या दिवशी ते कुठे पडत असेल?

कोलम पुरं करून आच्ची बाहेर आल्या. पायरीवर पूवायी हार ओवत बसली होती. देवळाची फुलं तिच्या घराकडे, पिढ्यान्‌पिढ्या. चौदावा दिवस तिच्या घराचा. त्या दिवशी तर हरभरेही नसत.

"काय गं, तू रोज इथं असतेस. बाराव्या दिवशी ऊन कुठं पडतं?"

"मला फुलं बघायची की ऊन?" पूवायीने सुई न थांबवता विचारलं.

"विचारलं तेवढं सांग."

"उद्या बारावा दिवसच आहे. या की. देव काय तेरा तारखेला बांधून ठेवलाय तुमच्या गोठ्यात?"

"जीभ फार चालते. परवा नारळ हवाय ना?"

"तो तर येतोच," पूवायी म्हणाली, आणि दोऱ्याला गाठ मारली.

तेराव्याला पूजेचा पहिला नारळ पूवायीच्या घरी धाडायचा, अशी थोरल्या घराची रीत होती. देवाच्याही आधी. गरिबाच्या दारात आपला हात आधी पोहोचावा म्हणून, असं आच्ची सुनांना सांगत. ते सांगताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. जावं, तर पश्चिम आळीला हसायला कारण मिळणार. न जावं, तर ऊन बाराव्या दिवशी कुठे पडतं ते न बघताच एक दिवस मरून जायचं. दुसरी गोष्ट जास्त छळत होती.

बाराव्या दिवशी दिवस उगवायच्या आत तैयल आच्ची डोक्यावरून पदर घेऊन मंडपातल्या खांबाआड जाऊन उभ्या राहिल्या. चोरट्यासारख्या. कुंजम्माळ आणि तिच्या दोन सुना पुढे उभ्या होत्या, मागे आठ-दहा माणसं. नटेस गुरुक्कळाने घंटा वाजवायला सुरुवात केली.

कालव्यापलीकडच्या नारळींवर सूर्य आला. मंडपाच्या दारातून उन्हाचा पट्टा एका झटक्यात आत आला, फरशीवर, कोलमवर, उंबऱ्यावर. पट्टा गाभाऱ्यात शिरला आणि थेट पिंडीवर जाऊन थांबला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. काळा दगड आतून पेटल्यासारखा तांबूस झाला. माथ्यावरच्या पाण्याचा एकेक थेंब मोजावा इतका स्पष्ट दिसू लागला.

आच्चींनी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुंजम्माळचे तर गच्च, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. ओठ पुटपुटत होते. ऊन तिच्या खांद्यावरून देवाकडे गेलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. थोड्याच वेळात ते उतरणार. कुणी पाहिलं नाही, म्हणजे उद्या आरसा आहेच. थोरल्या घराचा मान आरशाच्या आधाराने आणखी पन्नास वर्षं चालला असता.

"अगं डोळे उघड!" आच्ची ओरडल्या. "कुंजम्माळ! मिटून काय बसलीस, मूर्ख बाई! बघ तरी!"

घंटा थांबली. कुंजम्माळने दचकून डोळे उघडले, आधी आच्चींकडे पाहिलं, मग गाभाऱ्याकडे. तिचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. ऊन पिंडीवरून खाली उतरलं, शाळुंकेवर रेंगाळलं, मग गाभाऱ्याच्या फरशीवर आलं.

"हे... हे तर तुमचं," कुंजम्माळ म्हणाली.

"होतं."

"चुकून आलं असेल."

"ते चुकत नाही. इकडे ये, दाखवते." आच्ची गुडघे धरत उंबऱ्याशी बसल्या. खुणांमध्ये पीठ आणि तेल भरून दगड काळा पडला होता. त्यांनी अडकित्त्याने थर खरवडला, पदराने खसाखसा पुसलं. "हा पहिला ठिपका. मी सतरा वर्षांची होते. हे तीन उजवीकडे, मग उडी. हा बघ, दाण्याएवढा डावीकडे. मग परत तीन. हा माझा नवरा गेला तेव्हाचा. हा गेल्या सालचा. इथं संपलं."

कुंजम्माळ खाली वाकली. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोट ठेवलं.

"आणि ही खालची ओळ कुणाची?"

आच्चींनी पाहिलं. पुसताना त्यांच्या ओळीच्या बोटभर खाली आणखी दगड उघडा पडला होता. त्यावर बारीक छिद्रं होती, अडकित्त्याची नव्हेत, एखाद्या जाड सुईने टोचल्यासारखी. तीन उजवीकडे, मग उडी. मग दाण्याएवढं डावीकडे. आच्चींनी त्यावरून बोट फिरवत नेलं. त्यांची ओळ जिथे संपली होती, नेमकी त्याच्याखाली ती ओळही संपली होती.

त्यांनी मान वर केली. पूवायी हारांची परडी घेऊन मंडपाच्या दारात उभी होती. हार ओवायची सुई तिच्या पदराला टोचलेली.

"पूवायी, हे कुणाच्या हातचं?"

"आजीच्या सासूचं म्हणतात. चौदाव्या दिवशी सकाळी टोचायची."

"आणि मग?"

"मग काय. एका साली थांबली. ऊन तुमच्या घरी गेलं."

"आजवर बोलली नाहीस ते?"

"त्याचाच नारळ येत होता की दरवर्षी," पूवायी म्हणाली.

आच्ची उंबऱ्याशी बसूनच राहिल्या. गुरुक्कळाने हात पुढे केला, तो त्यांनी झटकला आणि स्वतःच्या स्वतः उठल्या.

तेराव्याला पहाटे त्यांनी सुनांना बाजूला केलं. ढिगातला सर्वांत मोठा नारळ स्वतः निवडला, हळद लावली, आणि पूवायीच्या दारात स्वतः नेऊन दिला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. देवळात आरसा नव्हता. ऊन पिंडीला चुकवून, गेल्या सालाहून दोन बोटं उजवीकडे, डाव्या भिंतीवर पडलं. लोक कुजबुजले. आच्चींनी उंबऱ्यावर एक शेवटची खूण टोचली आणि हरभऱ्यांसाठी ओंजळ धरून उभ्या असल्यासारख्या शांत उभ्या राहिल्या.

घरी परतल्या तर ओसरीवर कुंजम्माळची धाकटी सून उभी होती. हातात हळद लावलेला नारळ.

"सासूबाईंनी पाठवलाय."

आच्चींनी नारळ घेतला. कानाशी नेऊन हलवला.

"पाणी कमी आहे. पुढच्या साली मोठा धाडायला सांग."

"बरं, आच्ची." ती वळली.

"थांब."

त्यांनी कनवटीचा अडकित्ता काढला, केळीच्या पानात गुंडाळला आणि तिच्या हातावर ठेवला.

"सासूला म्हणावं, टोक झिजलंय, धार लावून घे. उजव्या कडेला टोचायचं. ऊन गाभाऱ्यात शिरतं तेव्हा. आणि डोळे उघडे ठेवून."