जावयासाठी थेटर

गिऱ्हाइकाच्या घरात भिंतींकडे बघायचं, माणसांकडे नाही, असं माझं तत्त्व आहे. केडगावात माझं दुकान आहे आणि बारा वर्षं मी लोकांच्या बंगल्यांत सिनेमाच्या खोल्या बसवतोय. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली की आवाज कुठं घुमतोय आणि कुठं मरतोय ते मी सांगतो. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकापुढं 'मला कळत नाही' हे शब्द माझ्या तोंडून गेले नव्हते. बायको म्हणते, हा माज आहे. असेल. कामात खोट नसली की थोडा माज खपून जातो.

पारनेरजवळच्या काकासाहेबांचं काम मी ऐन उन्हाळ्यात घेतलं. डाळिंबाचे मोठे बागायतदार, गावात शब्दाला वजन, बोलायला गोड आणि ऐकायला कच्चे. त्यांना सगळं दहा दिवसांत हवं होतं. एवढ्यात प्लायवूडवरचा डिंकसुद्धा धड वाळत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी घाईचं कारण सांगितलं. धोंड्याचा महिना लागला होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात आपल्याकडे जावयाला विष्णू मानून जेवायला बोलावतात, त्याचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे वाढतात आणि वर तेहतीस अनारशांचं ताट देतात. त्या जेवणाआधी थेटर तयार पाहिजे होतं, कारण जावईबापू सिनेमाचे लई शौकीन.

जावई वैजनाथ जामखेडचा. काकासाहेबांची एकुलती एक लेक पंकजा त्याला दिलेली, आणि आठ महिने झाले, ती माहेरी येऊन राहिली होती. धोंड्याचं जेवण झालं की तिला त्याच्यासोबत पाठवायची, असा शब्द काकासाहेबांनी लग्न जुळवणाऱ्या बजरंगमामांना देऊन ठेवला होता.

"खोली बघून पाव्हनं खूश हुतील," ते मला म्हणाले. "मंग येनं-जानं राहील. पोरीला बी नीट ठिवतील."

भिंतीएवढा पडदा लावून जावयाची मती सुधारते, हे मला नवीनच होतं. पण कामाशी काम ठेवावं म्हणून मी फूटपट्टी काढली.

मला दाखवलेली खोली रिकामीच आहे, असं ते म्हणाले होते. रिकामी कसली! आत पलंग होता, शिलाई मशीन होतं, खिडकीच्या गजांना ओल्या ओढण्या बांधल्या होत्या. पंकजा तिथंच राहत होती. पण लग्न झालेल्या लेकीची खोली आपल्या लोकांत रिकामीच धरतात, मग ती आत बसलेली का असेना. दुसऱ्या दिवशी पलंग धान्याच्या खोलीत गेला. शिलाई मशीन तिनं स्वतः उचललं. उचलताना मला दिसलं की तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं, सरळच होत नव्हतं. तिची आई बनुबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनीच आपणहून सांगितलं की सासरी दारात बोट सापडलं, पोरगी पहिल्यापासून वेंधळी आहे. पंकजा तिथंच उभी होती. तिनं ऐकलं आणि मशीन घेऊन निघून गेली.

खिडकी बुजवल्याशिवाय थेटर होत नाही. आधी विटा, मग आवाज अडवणारं ग्लासवूल, त्यावर प्लायवूड, वरून काळं कापड. विटांचा शेवटचा थर रचत होतो तेव्हा पंकजा दारात येऊन उभी राहिली. खिडकीतून डाळिंबाची बाग दिसायची, तिचा आता वीतभर तुकडा उरला होता.

इथं दिवस आहे का रात्र ते आता कळायचं नाही, असं ती म्हणाली. मी म्हणालो, ताई, त्याचेच तर पैसे घेतो आम्ही. मला वाटलं, मी फार चतुर बोललो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आठव्या दिवशी मशिनरी जोडली. प्रोजेक्टर, पाच स्पीकर, गाणी म्हणायला एक बिनवायरचा माईक आणि हे सगळं चालवणारा अँप्लिफायर. त्यातच काकासाहेबांनी एक जास्तीचं काम काढलं. संध्याकाळी अंगणात हरिपाठ ऐकू यावा म्हणून ओसरीच्या दोन खांबांवर दोन स्पीकर. तेही त्याच मशीनला जोडले. रिमोटवर आतल्या आवाजाचं बटण वेगळं, बाहेरच्या आवाजाचं वेगळं. दोन्ही चालू करा, नाहीतर हवं ते एकच.

आमची चाचणी चालू असताना पंकजा पुन्हा आली. दार लावल्यावर आतलं बाहेर कितपत ऐकू येतं, असं तिनं विचारलं. असा प्रश्न मला कुणी विचारला की माझी छाती फुगते. मी तिला बाहेर उभं केलं, दार लावलं आणि आत ढोल-ताशा असा काही वाजवला की माझेच दात हलले. मग दार उघडलं.

"काय ऐकू आलं, ताई?"

"काईच न्हाई," ती म्हणाली.

शाबासकी मिळेल म्हणून मी तिच्याकडे बघत होतो. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पहिल्यांदाच मी त्या घरात भिंत सोडून माणसाकडे बघितलं, आणि बघितल्यावर नजर काढून घेता येईना.

ती उंबऱ्यावरच बसली. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात तिनं सांगितलं, "मामा म्हनलेत, त्या दिवशी आमा दोघांना हितं बसवायचं. दार लावून बोलून घ्या म्हनं. भाऊ, आमचं मालक चारचौघांत आवाज चढवत न्हाईत. मिटवामिटवीची बैठक बसली हुती तवा बी खाली मान घालून बसलं हुतं. सगळे म्हनले, एवढा शांत मानूस, तूच कांगावा करती. माझे अण्णा बी तेच म्हनले."

मी वायर गुंडाळत राहिलो. भीती वाटली, लाजही वाटली. दुसऱ्याच्या घरचं भांडण, आपण कोण, असं मनाशी म्हणालो. असल्या वेळी हे वाक्य जिभेवर तयारच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला रिमोट शिकवायला सांगितला. आईअण्णांना जमायचं नाही, मला दाखवून ठेवा, म्हणाली. मी दाखवलं. आतलं बटण, बाहेरचं बटण, माईकचं बटण. तिनं तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी रिमोटकडे न बघता, नुसत्या अंगठ्यानं. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं होतं का? अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही, हे खरं.

धोंड्याच्या जेवणाला मलाही बोलावलं होतं, काही बिघडलं तर माणूस हाताशी असावा म्हणून. ओसरीत मेन बोर्डाशेजारी मला खुर्ची दिली. अंगणात मांडव, भाऊबंद, शेजारची मंडळी, सगळे मिळून तीसेक माणसं. वैजनाथ पांढऱ्या कपड्यांत आला. देखणा माणूस, खरंच मऊ बोलणारा. मलाही 'दादा' म्हणून नमस्कार केला. त्याला पाटावर बसवून काकासाहेबांनी स्वतः त्याचे पाय धुतले, पंच्यानं पुसले. सत्तरीचा माणूस, गुडघा धरत उठला. मग थेटरच्या दाराशी जावयाच्या हातून नारळ फुटला. पडद्यावर पहिल्यांदा काय लावायचं, तर त्यांच्या लग्नाची शूटिंग. हेही ठरलेलंच. पडदा कितीही मोठा लावून द्या, आपल्या लोकांना त्यावर आधी अक्षता टाकणारे नातेवाईक बघायचे असतात. दहा मिनिटं सगळे बघत बसले. पडद्यावरच्या पंकजाची बोटं मेंदीनं भरलेली आणि दहाच्या दहा सरळ होती. ते बहुतेक एकट्या मलाच दिसलं.

मग बजरंगमामांनी शूटिंग थांबवली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पानं वाढेपर्यंत नवराबायकोला बोलू द्या, असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. माझंच दार, मी बसवलेलं. बंद होताना आवाजसुद्धा झाला नाही.

बनुबाई अनारशांचं ताट घेऊन बाहेर आल्या. बायका धोंडे तळत होत्या. खांबावरचा स्पीकर एकदा खरखरला. एक म्हातारे म्हणाले, भर दुपारी हरिपाठ कुणी लावला. तेवढ्यात वैजनाथचा आवाज आला. तसाच मऊ, सावकाश.

"आता बाहेर निघताना हसत निघायचं. आठ महिनं बापाच्या घरी बसलीस, माझी गावभर शोभा केलीस. तिकडं चल, मंग बघतो. मागच्या टायमाला एकच बोट हुतं."

कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं.

"माझ्या बोटावर तुमी दार मुद्दाम लावलं हुतं," पंकजाचा आवाज आला. जरा लांबून, पण स्वच्छ. माईक तिनं दोघांच्या मध्ये, सोफ्याच्या कप्प्यात ठेवला असणार.

"मुद्दामच लावलं. परत लावीन. सांगशील कुनाला? तुझ्या बापानं आत्ताच माझं पाय धुतल्यात."

काकासाहेब मांडवाच्या मधोमध उभे होते. त्यांच्या हातात अजून तो ओला पंचा होता. सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि ते माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला तो बघवेना. वाटलं, या म्हाताऱ्याची अब्रू एका बटणाच्या अंतरावर आहे.

"अजिनाथ," ते म्हणाले, "बंद करा त्ये."

मेन बोर्ड माझ्या खांद्याला लागून होता. वरून तिसरं बटण. डोळे मिटूनही माझा हात तिथं गेला असता. आत त्याचं बोलणं चालूच होतं. बंद दाराआड त्याला बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. माझं काम असं पक्कं असतं.

"मला कळत न्हाई, काकासाहेब," मी म्हणालो. "कायतरी बिघडलंय. मला कळत न्हाई काय झालंय ते."

बजरंगमामा तरातरा बोर्डाकडे आले. घरातलं घरात राहू द्या, असं काहीतरी ते पुटपुटत होते. मी खुर्ची सोडली नाही. मामांना मला ढकलावं लागलं असतं, आणि त्यांनी तसं केलंही असतं. पण बनुबाई मध्ये आल्या. हातातलं ताट त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "ऐकू द्या त्यास्नी. मी बी ऐकते."

मग आम्ही सगळ्यांनी ऐकलं. किती वेळ ते सांगता येत नाही. कढईतले धोंडे काळे पडेपर्यंत. त्यानं काय काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, मला दोन मुली आहेत. काकासाहेबांना बोर्डापर्यंत यायला चारच पावलं होती. ते आले नाहीत. त्यांनी हातातला पंचा नीट घडी करून पाटावर ठेवला, थेटरपर्यंत गेले आणि दार उघडलं. त्यांच्या पाठोपाठ मीही उठलो.

वैजनाथ हसतमुखानं उठून उभा राहिला. 'या अण्णा' असं म्हणाला, आणि तेच दोन शब्द त्याला अंगणातून मोठ्यानं परत ऐकू आले. तेव्हा त्याचं हसू गेलं.

"तुमचं पान वाढलेलं न्हाई," काकासाहेब म्हणाले. "निघा."

तो निघाला. काहीतरी समजावत, हात जोडत, मामांना हाका मारत. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही आणि कुणी त्याला मारलंही नाही. फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. पंकजा सोफ्यावर तशीच बसलेली होती. रिमोट तिनं दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी झाली होती. ती बापाकडे बघत होती आणि मला स्पष्ट दिसत होतं, की तिला अजून भीती वाटतेय, या वेळी बापाची.

"बोट दाखव," काकासाहेब म्हणाले.

तिनं हात पुढं केला. त्यांनी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर-खाली केला, पुन्हा बघितलं. त्यांना दिसेना. दिसणार कसं? खिडकी मीच बुजवली होती. आठ महिने ते बोट त्यांच्या पंगतीला जेवत होतं. तेव्हा घरात उजेड होता आणि त्यांनी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी लेकीचं मनगट धरलं, तिला उठवलं आणि तीस माणसांच्या मधून अंगणात, उन्हात नेलं. तिथं खाली बसून ते तिचं बोट बघत राहिले.