न वाजणारं झाकण

मी बादली आहे. पांढरी, पाच गॅलनची, घट्ट झाकणाची, आणि वयानं बरीच जुनी. मित्रांनो, हे ‘मित्रांनो’ फक्त मुलांसाठी आहे. मोठ्यांशी माझी मैत्री उरलेली नाही. का उरली नाही, तेच सांगते.

माझा जन्म ओहायोतल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. पहिलं वर्षभर माझ्यात काकडीचं लोणचं होतं. ते संपल्यावर एका हॉटेलवाल्यानं मला विनीता काकूंना देऊन टाकलं. काकू मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळातल्या, निवृत्त डॉक्टर. त्यांनी मला सोडा घालून तीन दिवस उन्हात ठेवलं, बुडाला मार्करनं आपलं नाव घातलं आणि माझ्यात श्रीखंड कालवलं. पुढची नऊ वर्षं प्रत्येक पाडव्याला आणि गणपतीला मी मंडळाच्या जेवणात मिरवले. केशराचा एक पिवळा डाग माझ्या आत कायमचा बसला. छोटी अनिका तर वाटी घेऊन माझ्यापाशीच उभी असायची. "काकू, वन मोअर," म्हणायची. मला फार बरं वाटायचं.

मग काकू मुलाकडे टेक्सासमध्ये शुगर लँडला राहायला गेल्या आणि मी अनिकाच्या आईकडे, रुपालीकडे आले. गेल्या ऑगस्टमध्ये अनिका दुसरीत गेली आणि शाळेकडून यादी आली. डिंकाच्या कांड्या, टिश्यूचे खोके, रंगीत पेन्सिली, आणि त्यांच्याच ओळीत ‘झाकणासह बादली, एक’. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. रुपाली म्हणाली, "गराजमध्ये एवढी छान बादली पडून आहे, नवीन कशाला आणायची?" आपल्या लोकांना धड वस्तू टाकवत नाही. मीही आनंदानं गेले. मला वाटलं, मुलं माझ्यात चेंडू ठेवतील.

वर्गाच्या बाईंनी, मिस केलरनी, माझ्यात काय भरलं ते ऐका. मांजराच्या शूसाठी असते ती ओल शोषणारी वाळू, काळ्या पिशव्या, टॉयलेट पेपर आणि सगळ्यांत वर लॉलीपॉपचं पाकीट. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं, तर मुलांनी दिवे मालवून कोपऱ्यात बसायचं. तोंडात लॉलीपॉप असला की मुलं बोलत नाहीत. आणि फार वेळ लागला, तर शू माझ्यात करायची. माझ्या पोटावर हसऱ्या सूर्यफुलाचं लेबल लावलं होतं. ते सूर्यफूल काढणाऱ्याला लाज कशी वाटली नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

असं लपून बसण्याच्या पहिल्या सरावाला बाईंनी झाकण उघडून दाखवलं. अनिकानं आत वाकून पाहिलं आणि तो पिवळा डाग लगेच ओळखला.

"दॅट्स अवर श्रीखंड बकेट!"

"यू ईट आउट ऑफ द पॉटी?" एका मुलानं विचारलं, आणि सगळा वर्ग हसत सुटला. अनिकानं मान खाली घातली. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण बादलीला पाय नसतात.

एप्रिलमध्ये जे झालं तो सराव नव्हता. कोणीतरी शाळेला फोनवर धमकी दिली होती. दोन तास वर्ग अंधारात बसला. दोन मुलांना माझा उपयोग करावा लागला. बाई कोट धरून आडोसा करत होत्या. दुसऱ्या वेळी झाकण त्यांच्या हातून निसटलं आणि धाडकन वाजलं. एकवीस मुलं दचकली. अनिका दोन तास गुडघे आवळून बसली, पण माझ्याकडे आली नाही. शेवटी पोलीस आले, सगळं तपासलं, धमकी खोटी होती म्हणाले.

मग मोठी माणसं कामाला लागली. ‘आम्ही प्रार्थना करत आहोत’ अशा ईमेल आल्या. निळे टी-शर्ट छापले. पालकांची सभा झाली, तीन तास चालली. बंदुकीचा विषय नको, त्यानं वातावरण बिघडतं, असं सुरुवातीलाच ठरलं. मग उरलं काय? माझं झाकण! झाकण वाजतं हा गंभीर धोका आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि टाळ्या वाजल्या. एवढ्या शिकलेल्या माणसांना बोलायला बादलीचं झाकण सापडलं.

ते काम अनिकाच्या बाबांनी, विनयनं, अंगावर घेतलं. तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघतो. त्यानं मला गराजमध्ये परत आणलं, झाकणाला रबराची पट्टी बसवली, अकरा वेळा झाकण पाडून फोनवर आवाज मोजला. पालकांच्या ग्रुपवर कौतुकाचा पूर आला. "ऑसम यार, विनय!"

त्याच आठवड्यात गराजमधल्या वरच्या कपाटात एक काळी पेटी आली. ऑफिसातल्या मित्राबरोबर जाऊन विनयनं पिस्तूल घेतलं होतं. "सेफ्टीसाठी गं. नुसतं असू दे घरात," तो रुपालीला म्हणाला. "अनिकाला मात्र सांगू नकोस." पेटीची किल्ली त्यानं स्क्रूच्या डब्यात लपवली. मित्रांनो, तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी लपवलेली आहे आणि तुम्हाला माहीत नाही?

मला पुन्हा शाळेत न्यायचं, त्याच्या आदल्या शुक्रवारी शाळेतून फोन आला. अनिका मैदानावर चक्कर येऊन पडली होती. सलाइन लावावं लागलं. दप्तरातली पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. एप्रिलच्या त्या दिवसापासून ती शाळेत पाण्याचा घोटही घेत नव्हती.

"इफ आय ड्रिंक, आय हॅव टू गो," ती आईला म्हणाली. "अँड व्हॉट इफ इट्स दॅट डे?"

रुपाली रडली. विनय गराजमधल्या फळ्यासमोर उभा राहिला. काहीही बिघडलं की लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला खरं कारण सापडतं, ही त्याच्या कामातली रीत. घरचा टोस्टर बिघडला तरी तो हेच करतो. अनिका मनगटाला पट्टी बांधून पायरीवर बसली होती.

ती का पडली? पाणी प्यायली नाही. का प्यायली नाही? बादलीची भीती. बादली वर्गात का? दार लावून बसावं लागतं. का बसावं लागतं? कोणी बंदूक घेऊन येईल म्हणून. विनयनं पाचचा आकडा घातला आणि त्याचा हात थांबला.

"लिही ना," रुपाली म्हणाली. "शाळेत बंदूक घेऊन येणाऱ्या मुलाकडे ती का असते?"

"ते आपल्या स्कोपच्या बाहेर आहे. तो सिस्टमचा प्रॉब्लेम आहे."

अनिकानं वरच्या कपाटाकडे बोट केलं.

"बिकॉज हिज बाबा हॅज वन?"

विनयनं कपाटाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "रबर छान बसलंय," असं म्हणून त्यानं मार्करला टोपण लावलं. पाचवी ओळ कोरीच राहिली. सोमवारी मला शाळेत नेलं, तेव्हाही पेटी कपाटातच होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला इथून काढा. माझ्यात झाड लावा, मला गाडी धुवायला घ्या, बादलीला तेवढं पुष्कळ झालं. तुम्हाला मी काही शिकवणारही नाही, कारण तुमचं काहीच चुकलेलं नाही. फक्त हे घरातल्या मोठ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि पाचव्या ओळीपाशी थांबा. ते विषय बदलतील. बदलू देऊ नका.

माझं झाकण आता अजिबात वाजत नाही. आज मधल्या सुट्टीत अनिकानं बाटली उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केली.