वाफ धरणारा आरसा

सन १९८६, भर उन्हाळा, मे महिन्याचा शेवटचा रविवार. त्या सकाळी एका सलूनच्या भिंतीवरचा आरसा फुटला. त्यातला तळहाताएवढा तुकडा म्हणजे मी. मी बोलतोय ते कुणी हळहळावं म्हणून नाही. मी काच आहे. दया मला लागत नाही आणि मी कुणावर केलेलीही नाही.

फुटण्याआधी मी मोठा होतो. जाड काच, कडेला पैलू, मागे लाकडी फळी. माझ्यासमोर फिरती खुर्ची, फळीवर कातऱ्या, कंगवे, तुरटीचा खडा आणि दाढीच्या पाण्याची पितळी वाटी. माणूस खुर्चीत बसला की आधी स्वतःकडे बघतो, मग दुसऱ्याला हसतो. हा क्रम चुकलेला मी कधी पाहिला नाही.

दुकानाचा मालक हाताचा हलका. वस्तरा असा चालवायचा की गिऱ्हाईक घोरायला लागे. कणा मात्र नव्हता. गिऱ्हाईक हसलं की तो हसे, मग हसणं कुणावर का असेना.

त्याला एकच मुलगी. टाळू फाटलेला घेऊनच जन्माला आली. तान्हेपणी टाळू शिवला. ओठ धड होता, त्यामुळे चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नसे. तोंड उघडलं की कळे. शिवलेला टाळू आखूड पडला होता, घशाच्या मागच्या भिंतीला टेकत नव्हता. तोंडातून यायची हवा नाकातून निसटे. ड चा न होई, ब चा म होई. ‘डबा’ म्हणायला जाई, ‘नमा’ बाहेर येई. आणि ‘बाबा’ म्हटलं की ‘मामा’.

ती बापाचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात यायची आणि दारातून हाक मारायची, “मामा.”

पहिला हसला तो लाकडाच्या वखारीचा मालक. सगळे त्याला लाकूडवाला म्हणत. तोंडाला साबण फासलेला असतानाच तो म्हणाला, “अरे, या पोरीनं तर बापाचा मामा केला.”

“टाळूचं आहे तिच्या,” मालक म्हणाला.

“असेल. पण तू हिचा मामा, म्हणजे घरातली ती तुझी बहीण झाली. जपून रहा बरं.”

दुकान हसलं. त्या दिवसापासून रस्त्यावरचे सगळे मालकाला मामा म्हणायला लागले. मामा, जरा कल्ले बघ. मामा आहेत का आत? मुलीचं नाव पडलं गेंगाणी.

मालकानं आधी तिला दम दिला. “हाक मारायची नाही. डबा ठेवायचा आणि चालू पडायचं.” ती तसं करू लागली. पण मग गिऱ्हाइकं विचारायला लागली, “आज भाची बोलली नाही ती?” बाकावर बसलेली माणसं त्या गमतीसाठीच थांबतात हे मालकाच्या ध्यानात आलं. शेजारी दुसरं सलून निघालं होतं. गिऱ्हाइकं तिकडे वळू नयेत म्हणून मालकानं पोरीला पुन्हा बोलायला लावलं. या वेळी मुद्दाम.

त्या रविवारी दुकान भरलेलं होतं. मालकानं साबणाच्या बोटांनी तिची हनुवटी धरली आणि तोंड माझ्याकडे फिरवलं.

“म्हण. बाबा म्हण.”

तिनं ओठ घट्ट मिटले.

“म्हण गं गेंगाणे,” लाकूडवाला म्हणाला. “सगळ्यांचा चहा माझ्याकडून.”

“म्हण की,” मालक म्हणाला. “लोक थांबलेत.”

ती बोलली. मी तिचे ओठ पाहिले. बरोबर मिटले, बरोबर उघडले. ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. मला ‘बाबा’ दिसला. दुकानाला ‘मामा’ ऐकू आला.

दुकान हसलं. त्याची तिला सवय होती. पण तिनं माझ्यात बापाकडे पाहिलं. बाप पोट धरून हसत होता.

तिनं पितळी वाटी उचलली आणि माझ्यावर फेकली.

वस्तऱ्याला धार लावायच्या चामडी पट्ट्यानं मालकानं तिला मारलं. कुणी मधे पडलं नाही. लाकूडवाला एवढंच म्हणाला, “तोंडावर नको रे, मुलीची जात आहे.”

केरातून मला उचललं ते तिच्या आईनं. काचवाल्याकडून माझ्या कडा घासून घेतल्या आणि मला दवाखान्यात नेलं. तिथं वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. लहान आरसा आणा, असं त्यांनी मागेच सांगितलं होतं. भिंतीवर अख्खा होतो तेव्हा नाही, तुकडा झालो तेव्हा मी तिच्या कामाला आलो.

बाईंनी मला मुलीच्या नाकाखाली आडवं धरलं. “पाटी म्हण.”

माझ्यावर वाफ धरली.

“बादली म्हण.”

पुन्हा वाफ. बाईंनी मला आईच्या डोळ्यांपुढे नेलं. “हे बघा. मामा, नाना म्हणताना वाफ यायलाच हवी. पाटी, बादलीला यायला नको. हिची सगळी हवा नाकावाटे चालली आहे.”

“सरावानं जाईल का?”

“नाही. जीभ, ओठ बरोबर चालतात हिचे. मागचं दारच लागत नाही, त्याला सराव काय करणार? घशाचं ऑपरेशन करावं लागेल.”

सर्जन घाईतले होते. टेबलावरच्या कागदावर रेघा ओढत म्हणाले, “घशाच्या मागच्या भिंतीची एक पट्टी सोडवायची आणि टाळूला शिवायची. मधे पूल, दोन्ही बाजूंना श्वासासाठी फटी. फटी मोठ्या राहिल्या तर बोलणं आहे तसंच. फार लहान झाल्या तर झोपेत श्वास अडकेल.”

“आणि नीट झालं तर?”

“तर बोलायला शिकेल. आपोआप येणार नाही.” त्यांनी मान वर केली नाही. मला तो माणूस आवडला. गोड बोलून कुणाचा घसा बरा होत नाही.

आईनं घरी सांगितलं तेव्हा मालक म्हणाला, “होऊ दे. या मामापणातून सुटेन तरी.”

“तुमच्यासाठी नाही करत.”

“कुणासाठी का असेना.”

थंडीत ऑपरेशन झालं. मुलीला खाटेवर आणून टाकलं तेव्हा उशीवर रक्त ओघळत होतं. पाण्याचा घोट गिळताना तिचे पाय आखडत. झोपेत ती अशी घोरे की शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, “ही पोरगी आहे की गिरणी?” जरा बसती झाल्यावर तिनं हातानं मला मागितलं. तोंड उघडून माझ्यात पाहिलं. सुजलेला लालभडक घसा, त्यात टाके. आईनं तोंड फिरवलं. मुलीनं फिरवलं नाही. कारागिरानं काम तपासावं तशी ती बघत राहिली.

सूज उतरल्यावर शिकवणी सुरू झाली. पूल बांधला गेला होता, पण हवा जुन्याच वाटेनं जाऊ बघे. बाई कडक. “नाकातून नको. पुन्हा.” मुलगी रडली की बाई थांबत, डोळे पुसून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, “झालं? पुन्हा.” आणि एका सकाळी तिनं ‘पाटी’ म्हटलं आणि मी कोरा राहिलो. ‘बादली’ म्हटलं. कोरा. बाईंनी मला पदरानं उगाचच पुसलं आणि पुन्हा धरलं. कोरा.

मालकाला हे समजलं तेव्हा त्यानं मला स्वतः हातात घेतलं. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता.

“टोपी म्हण.”

“टोपी.”

“डबा म्हण.”

“डबा.”

मी कोरा. मालकानं मला आणखी जवळ धरलं. “आता बाबा म्हण.”

“घसा दुखतो,” मुलगी म्हणाली.

“बरं. आता नको. रविवारी दुकानात म्हण, सगळ्यांसमोर. त्या लाकूडवाल्याचं तोंड कायमचं बंद करतो.”

तिनं मान हलवली. तो गेल्यावर तिनं दाराला कडी घातली, मला नाकाखाली धरलं आणि हळूच म्हणाली, “बाबा.”

माझ्यावर काही धरलं नाही. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा. मग मला फ्रॉकच्या घेराला पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी मालक इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात उभा होता. भिंतीवर नवा आरसा होता. गावभर सांगून झालं होतं, त्यामुळे बाकावर जागा नव्हती. लाकूडवाला खुर्चीत पाय पसरून बसला होता.

“काय मामा, आज शेवटचा दिवस म्हणे?”

“बघालच.”

मुलगी डबा घेऊन दारात आली. मालकानं खिशातून मला काढलं आणि तिच्या नाकाखाली धरलं. “या काचेकडे बघत रहा सगळ्यांनी. वाफ दिसणार नाही.” मग तिच्याकडे वाकला. “म्हण, बाळ.”

दुकानात तिला बाळ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तिनं डबा फळीवर ठेवला. नव्या आरशात बापाकडे पाहिलं. आणि शाळेतला धडा वाचावा तशी स्वच्छ म्हणाली,

“मामा, डबा घ्या. पोटभर जेवा.”

माझ्यावर वाफ धरली ती फक्त पहिल्या शब्दाला. बाकी सगळं कोरं. मला धरलेला हात खाली आला.

दुकान हसलं. लाकूडवाला सगळ्यांत मोठ्यानं. मग मुलगीही हसली. त्या दिवशी बाप हसला होता, तेवढंच.