तळव्याची जखम आणि माझी व्याख्यानं

पेठच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर नाशिकला उपनगरात राहायला आलो आणि मधुमेह जडला. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे नवा बूट तळव्याला चावला तेव्हा दुखलंच नाही. दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असं निदान मीच करून टाकलं. चार महिने झाले तरी जखम रुपयाएवढी होती ती तेवढीच.

मग मी वाचायला लागलो. मूळपेशी अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात, आणि त्या जखमेतल्या पेशींना दुरुस्तीचे निरोप पोचवतात, हे वाचून मी हरखलोच. बायकोला, चांगुणाला, ती मेथी निवडत असताना समजावलं. शेजारच्या रावजींना तर फिरायला गेल्यावर रस्त्यातच थांबवून पाऊण तास.

"ते औषध मिळतं कुठे?" चांगुणाने विचारलं.

मी रोहिणीला फोन लावला. ती माझी पेठची विद्यार्थिनी, आता पुण्यात याच विषयावर संशोधन करते. पहिली दहा मिनिटं मी तिलाच एक्सोसोम म्हणजे काय ते सांगितलं. मग तळव्याच्या जखमेचं सांगितलं.

"सर, आमच्या उंदरांच्या जखमा लवकर भरतायत," ती म्हणाली. "पण माणसांवरच्या चाचण्या अजून चालू आहेत. आत्ताच कुणी इंजेक्शन देतो म्हणालं तर घेऊ नका. तुम्ही रोज चालता किती?"

"पाच किलोमीटर. मधुमेहाला चांगलं असतं."

"त्याच पायावर?" ती म्हणाली. "सर, आमचे उंदीर निदान चार पायांवर वजन वाटून घेतात."

फोन स्पीकरवर होता. चांगुणाने उठून माझे बूट माळ्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखमेतली मेलेली कातडी काढली, इन्सुलिन सुरू केलं आणि तळव्यावर भार येऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढवलं. दर आठवड्याला ते बदलायचं, बाकी बसून राहायचं. अकराव्या आठवड्यात जखम बुजली.

रिक्षातून घरी येताना मी चांगुणाला सांगून टाकलं, की पाय कापावा लागेल याची मला पहिल्यापासून भीती वाटत होती. ती भीती कुणाला दिसू नये म्हणून एवढा बोलत होतो.

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर ऐकत होते."