लेकीच्या डोक्यावर हात

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर सकाळी नऊला बसलेली बाई संध्याकाळपर्यंत देठ खुडते, आणि घरी गेल्यावरही तिच्या बोटांची आग होत राहते. मंगलाबाईला त्या आगीची बावीस वर्षांची सवय होती. सवय झाली नव्हती ती शेजारी बसणाऱ्या धाकट्या जावेच्या मोबाइलची. दर महिन्याच्या सात तारखेला तो केव्हातरी वाजायचा, चेतना पदराला हात पुसून तो बघायची, आणि पुढचा तासभर तिचे हात उगाचच भराभर चालायचे.

आजही तो वाजला.

"उनात का पैसा?" मंगलाबाईनं ढिगातून मान वर न काढता विचारलं.

"उनात, भाभी. काजलन्या वह्या लेवान्या शेत."

"ले माय, ले. तुले काय कमी शे आते."

चेतना हसली. तिला त्यातला काटा कळला नाही, किंवा कळून तिनं सोडून दिला. मंगलाबाईला दोन्हीचा सारखाच राग आला.

एका संस्थेनं तापीकाठच्या पाच गावांत विधवा आणि टाकून दिलेल्या बायकांना दरमहा दोन हजार रुपये थेट खात्यात द्यायला सुरुवात केली होती. सावळटेक गावात अकरा नावं निघाली, त्यात चेतनाचं एक. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हा तिची लेक काजल तीन वर्षांची होती. तेव्हापासून चेतना जेठाच्या, म्हणजे मंगलाबाईचा नवरा उखा पाटील याच्या, घरात राहत होती, म्हणजे सगळ्यांच्या आधी उठत होती आणि सगळ्यांच्या मागून जेवत होती. शेतातलं काम करत होती, पथारीची मजुरी जेठाच्या हातात ठेवत होती, आणि गाव म्हणत होतं की उखानं भावाच्या मागे भावजयीला किती छान सांभाळलं.

खरं सांगायचं तर चेतना रडत होती तोवर मंगलाबाईचा तिच्यावर जीव होता. तिच्या डोक्याला तेल लावायची, आपल्या पानातली भाकरी अर्धी मोडून तिला द्यायची, आपल्या भूपेशच्या बरोबरीनं काजलला मांडीवर घ्यायची. दया करायला समोरचं माणूस एक पायरी खाली बसलेलं असावं लागतं. चेतना पायरी चढली, आणि मंगलाबाईच्या मायेला बसायला जागाच उरली नाही.

तसं पाहिलं तर गोष्टी अगदी किरकोळ होत्या. चेतनानं पायात नव्या चपला घातल्या. भूपेश मोबाइलच्या कव्हरसाठी आईकडे न येता काकीकडे गेला. पथारीवरच्या बायका या धाकट्या जावेला आधी "मंगलाबाईनी देराणी" म्हणायच्या, त्या आता "चेतनाबाई" म्हणू लागल्या. हे सगळं मंगलाबाईनं गिळलं असतं. पण एके दिवशी जेवताना उखा म्हणाला, "फवारनीना पंप लेवाना शे. चेतनाले जरा ईचारी देख, तिले काय वाटस."

मंगलाबाईचा हात तव्यावरच थांबला. बावीस वर्षांत या माणसानं तिला भाजीत मीठ किती घालायचं हेसुद्धा विचारलं नव्हतं. बैल विकला, विहीर खणली, मुलीचं लग्न ठरवलं, सगळं तिला शेजारणीकडून कळलं. आणि आज देराणीला पंप विचारायचा होता, कारण देराणीच्या नावाचं पासबुक होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय.

त्या दुपारी चुलीपुढे बसल्या बसल्या तिच्या मनात एक विचार आला. नवरा मरावा लागस तव्हय बाईना नावावर पैसा येस का? विचारानं तिची तीच दचकली, गालात मारून घेतलं, देवाचं नाव घेतलं. पण आलेला विचार काही गेला नाही. तो रोज भाकऱ्या थापताना तिच्याजवळ येऊन बसू लागला.

मग एका गुरुवारी, घरात कुणी नसताना, तिनं भूपेशच्या जुन्या वहीचं पान फाडलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई ती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून एकेक अक्षर सुटं काढून तिनं शाळेतल्या मराठीत लिहिलं: "चेतनाकडे परका माणूस येतो. ती विधवेसारखी राहत नाही. तिचा पैसा बंद करा." खाली नाव घातलं नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकून ती घरी आली, आणि त्या दिवशी तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

चेतनाकडे कुणी येत नव्हतं. हे मंगलाबाईइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दोघी एकाच पडवीत झोपत होत्या. तिला चेतनाचं वाटोळं करायचं नव्हतं. सात तारखेला वाजणारा तो मोबाइल फक्त बंद पडायला हवा होता.

आता त्या पेटीविषयी. संस्थेची दामिनी नावाची कार्यकर्ती शहाद्याहून यायची. पेटी तिनं स्वतः उघडायची, तक्रार कुणाला दाखवायची नाही, एकट्यानं चौकशी करायची, असा नियम होता आणि नियम चांगला होता. पण पाच गावं, एक स्कूटी. त्यात गावच्या समितीचा अध्यक्ष नवनीत पाटील म्हणाला, "म्यॅडम, पेटी गावनी शे, किल्ली गावकडे ऱ्हाऊ द्या." दामिनीनं किल्ली दिली. तेवढीच एक फेरी वाचली. नवनीत काही वाईट माणूस नव्हता. गावात काही लपूनछपून नको म्हणून तो दर महिन्याच्या सभेत सगळ्या चिठ्ठ्या खड्या आवाजात वाचायचा, आणि लोक त्याच्या सरळपणाचं कौतुक करायचे. आजवरच्या चिठ्ठ्या "मन्हं नाव का नही" अशा असायच्या, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या महिन्याच्या सभेला ग्रामपंचायतीचा हॉल भरला होता. दामिनी पुढे बसून हजेरीचा कागद भरत होती. तिनं मान वर करेपर्यंत नवनीतनं चिठ्ठी शेवटपर्यंत वाचून टाकली होती.

"नवनीतभाऊ, हे वाचायचं नव्हतं," ती उठून म्हणाली.

"वाची टाकं आते. गावले माहीत तं पडाले पाहिजे."

चिठ्ठीत माणसाचं नाव नव्हतं. नाव नसलं की ज्याला त्याला आपल्या मनातलं घालता येतं. मागून कुणीतरी म्हणालं, "रोज त्या इद्रिसनी रिक्षामा कोन जास नंदुरबारले?" इद्रिस रिक्षावाला गावातल्या आठ बायकांना रोज पथारीवर सोडायचा, आणि त्या आठांत मंगलाबाईही होती. ते कुणाला आठवलं नाही. चेतना मात्र उभी राहिली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चौकशी मी करीन, आणि इथे नाही," दामिनी म्हणाली. पण सभा आता तिच्या हातात राहिली नव्हती. दोधूबाबा काठी टेकत उठला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, त्याचा शब्द खाली पडत नसे.

"चौकशी कसाले? आपली पद्धत शे ना. लेकरूना डोकावर हात ठेव आनि सांग. कोर्टनाबी वर शे ते. खरी व्हई तं पोर सुखी ऱ्हाई."

खोटी असेल तर पोरीचं काय होईल, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सावळटेकमध्ये शेताच्या बांधापासून हरवलेल्या बकरीपर्यंत सगळ्याचा निवाडा असाच व्हायचा. आणि ज्या माणसाला शपथ घालायची त्याचंच लेकरू पणाला लागतं, चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाही, हे कुणाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चेतनानं पदर सावरला. ती हळू बोलली, पण हॉल इतका शांत होता की दारापर्यंत ऐकू गेलं.

"मन्हाकडे कोनी येत नही. हाई खरं शे. पन आंडेरना डोकावर हात मी ठेवाव नही. दोन हजारसाठे मी मन्ही पोर पणाले लावाव नही."

"म्हंजे काही तरी शे," कुणीतरी म्हणालं.

उखा उठला. पंपाचा सल्ला मागणारा तोच उखा. "हात ठेवत नही तं गाव काय समजी? मन्हं नाव खराब व्हयनं. तू आते खापर गावले तुन्हा भाऊकडे जाय. काजल आमना घरनी पोर शे, ती आठेच ऱ्हाई."

मंगलाबाई बायकांच्या रांगेत बसली होती. तिला हवं होतं ते झालं होतं, आणि त्याहून कितीतरी जास्त झालं होतं. मोबाइल बंद पडणार होता. देराणी घराबाहेर जाणार होती. नवऱ्याला पंप विचारायला कुणी उरणार नव्हतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि बायकांना गप्प बसायचं कुणी शिकवावं लागत नाही.

तेवढ्यात दाराशी पोरांच्या घोळक्यात उभी असलेली काजल आत आली. नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. ती सरळ आईजवळ गेली, आईचा हात दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या डोक्याकडे ओढू लागली.

"ठेव ना मम्मी. तू खरं बोली ऱ्हायनी ना? मंग मी मराव नही."

चेतनानं हात झटकन मागे घेतला आणि पोरीला पोटाशी धरलं. काजल तरी तिचा हात शोधतच होती. "ठेव ना. मी भ्येस नही."

मंगलाबाईनं ते पाहिलं. तिच्या एका खोट्या ओळीवर ही पोर आपला जीव ठेवायला निघाली होती. मत्सर माणसाला आंधळं करतो म्हणतात, पण ते खरं नाही. तो इतके दिवस तिला एकेक चप्पल, एकेक वही डोळे फाडून दाखवत होता. फक्त ही पोर त्यानं दाखवली नव्हती. तिला स्वतःची किळस आली, आणि ती उभी राहिली.

"ती चिठ्ठी मन्ही शे," ती म्हणाली. "मीच लिखी. खोटी शे."

"खाले बठ," उखा म्हणाला.

"बठाव नही. आम्ही दोन्ही एकच पडवीमा झोपतस. तठे मानूस येस का नही, हाई मन्हापेक्षा कोनले माहीत? मन्हा जीव जयी ऱ्हायंता. बावीस वरीस व्हयनात, मन्हा हातमा कधी शंभर रुपया मन्हा म्हनीसन ऱ्हायना नही. हिना नावावर येतस, म्हनीसन मन्हा जीव जये. म्हनीसन लिखी."

अशाच चिठ्ठ्या लिहायचं मनात आणलेल्या आणखी दोघी त्या हॉलमध्ये बसल्या होत्या. त्या आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागल्या. दोधूबाबा काठीवर हनुवटी टेकून खाली बसला. दामिनीनं पुढे होऊन नवनीतपुढे हात पसरला.

"किल्ली द्या. चूक माझी आहे, ती तुमच्याकडे ठेवायलाच नको होती. यापुढे पेटी मीच उघडीन आणि कुणाची चिठ्ठी या हॉलमध्ये वाचली जाणार नाही. आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला सांगाल तर मी थेट पोलिसांत जाईन."

नवनीतला ते लागलं. इतक्या महिन्यांचा त्याचा सरळपणा बायकांपुढे उलटा पडला होता. पण त्यानं किल्ली दिली.

लोक पांगले. चेतना काजलला घेऊन दाराकडे निघाली, मंगलाबाईजवळ क्षणभर थांबली.

"तुमले पैसा पाहिजे व्हतात तं मांगी लेतात, भाभी. मी नही म्हनती का?"

तिनं शिवी दिली असती तर बरं, असं मंगलाबाईला वाटलं. चेतना निघून गेली. तिनं जावेला माफ केलं नव्हतं आणि तसं भासवलंही नाही.

हॉलमध्ये दामिनी कागद आवरत होती. "तुमची तक्रार खोटी म्हणून बंद करते," ती थकून म्हणाली. "घरी जा आता. घरी त्रास झाला तर माझा नंबर तुमच्याकडे आहे ना?"

"बंद करा ती. आते खरी लिखा."

"खरी कोणती?"

मंगलाबाई तिच्यासमोर खाली बसली. "मन्हा देर मरना तव्हय त्याना वाटाना चार बिघा जमीन व्हती. तेरावाना दिन चेतनाना अंगठा लिधा. तिले सांगं, सोसायटीना कागद शे. ती रडी ऱ्हायंती, तिनी देखंबी नही. मी बाजूले बठेल व्हती. माले समदं माहीत व्हतं. सहा वरीस तिना वाटानं आम्ही खाई ऱ्हायनूत, आनि मी तिना दोन हजारवर जयनू."

दामिनीचं पेन हातातच राहिलं. हे तिच्या योजनेत बसत नव्हतं. तलाठी, तहसील, कदाचित कोर्ट, आणि साक्षीला उभी कोण, तर ज्यानं अंगठा घेतला त्याचीच बायको. "हे मी योग्य ठिकाणी पोचवू शकते," ती सावकाश म्हणाली. "पण तुमचं नाव आत्ताच लिहायला हवं असं नाही. गुप्त ठेवता येतं. तुम्हाला त्याच घरात राहायचंय."

"बिगर नावनी एकदाव लिखी पाह्यी, ताई. आते नाव लिखा. मंगलाबाई पाटील."

दामिनीनं लिहिलं. मग तिनं विचारलं, "आणि ती जमीन आता कुणाच्या नावावर आहे?"

बायको न्यायला आलेला उखा दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला होता. मंगलाबाईनं त्याला पाहिलं. सावळटेकमध्ये बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. मतदार यादीसाठी आलेल्या मास्तरालासुद्धा शेजारीण ते सांगते. मंगलाबाईनं ते आज घेतलं, आडनावासकट. आणि तो ऐकतो आहे हे दिसल्यावर, दामिनीला नीट लिहून घेता यावं म्हणून, तिनं ते पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.